फाटक तेवढं लावा

मॅडरकोट गावात बेरिल टकेटइतक्या परवानग्या कोणी मागितल्या नसतील. बस अख्खी रिकामी असायची, आत ड्रायव्हर आणि ही, दोघंच. तरी ही बाई सीटला हात लावून विचारणार, "इथं कोणी बसतंय का हो?" स्वतःच्या घरात न्हाणीघरात जाताना दार वाजवायची. नवरा हर्बर्ट होता तेव्हा बागेतून ओरडायचा, "अगं, मी इथं वाफ्यात उभा आहे! आत काय राणीसाहेब आंघोळीला आल्यात?" हर्बर्ट जाऊन अकरा वर्षं झाली, पण दार वाजवणं काही थांबलं नाही. आईनं लहानपणी हातावर चापट्या मारून लावलेली सवय ती. टेबलावर पाव ठेवलेला असला तरी "घेऊ का?" म्हटल्याशिवाय बोट लावायचं नाही. एक्याऐंशी वर्षं झाली, पण बोट अजून थबकायचं.

तिची थोरली बहीण आयव्ही म्हणजे अगदी उलटा मासला. आयव्ही आधी घ्यायची, खायची, आणि कोणी विचारलंच तर म्हणायची, "कसला पाव?"

आयव्ही राहायची पलीकडच्या पेनस्टो गावात, म्हाताऱ्या माणसांसाठी एका ओळीत बांधलेल्या घरांमधल्या शेवटच्या घरात. वय शहाऐंशी, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. मग दोघी बहिणी एकत्रच का राहत नाहीत, असं गावात नवा आलेला प्रत्येक माणूस विचारायचा. राहिल्या होत्या ना, हर्बर्ट गेला त्या वर्षी. नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळी आयव्हीनं स्वतःच टॅक्सी बोलावली आणि बेरिलनं तिची पेटी दारापर्यंत ओढत आणून दिली.

त्यापेक्षा वाट बरी होती. मॅडरकोटच्या चर्चच्या मागच्या अंगाला एक लाकडी फाटक होतं. तिथून हेक्टर स्टर्मींचं कुरण लागायचं, मग ओढ्यावरच्या दोन फळ्या, मग चढ, की आलंच पेनस्टो. बारा मिनिटं. पावसाचे दिवस असले तर पंधरा. रोज साडेअकराला बेरिल निघायची. हातात चिनीमातीचं खोलगट भांडं, त्यावर बशी उपडी, त्यावर फडक्याची घट्ट गाठ. आत मटणाचा रस्सा नाहीतर उकडलेले बटाटे आणि कोबी, रविवारी पुडिंग. फाटकापासून बघितलं की आयव्हीचं धुराडं दिसायचं. आयव्ही खिडकीत बसलेली असायची आणि बेरिल चढ चढायला लागली, की घड्याळाकडे बघायची. ते बेरिलला इतक्या लांबून दिसणार नाही, हे माहीत असून सुद्धा.

"आज गाजर कच्चं आहे."

"काल मऊ म्हणत होतीस."

"काल मऊच होतं. मधलं काही येतं का तुला?"

असं रोज. आणि हे जेवण सोडलं तर आयव्हीच्या पोटात दिवसभरात काय जायचं? चहा, बिस्किटं, आणि शेजारणीबद्दलचा राग.

आता त्या वाटेची एक रीत होती. दर वर्षी मार्चच्या पंचवीस तारखेला, शेतांचे करार नवे करायचे तो जुना दिवस, त्या दिवशी मॅडरकोटच्या घराघरांतून एकेक माणूस स्टर्मींच्या दारात जायचं. हातात जानेवारीत घातलेला संत्र्याच्या सालांचा मुरांबा. दार वाजवायचं आणि म्हणायचं, "यंदाही यावं का, मालक?" स्टर्मी आतून बूट घालत घालत यायचे, बरणी उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "या खुशाल. फाटक तेवढं लावा." झालं. वर्षाची वाट पक्की.

खरं सांगायचं तर ही रीत बेरिलच्या आईच्या वेळची. पुढं लोकांना नोकऱ्या लागल्या, मोटारी आल्या, संत्र्याची सालं चिरत बसायला वेळ कोणाला? एकेक घर गळत गेलं. शेवटची वीस-पंचवीस वर्षं स्टर्मींच्या दारात फक्त बेरिल जायची. बाकीचे नुसते चालत जायचे. नळदुरुस्तीवाला रॉन पेग्लर तर कुरणातले ससे सुद्धा न विचारता न्यायचा. म्हाताऱ्या स्टर्मींची काही हरकत नसायची. पण बेरिलला वाटायचं, सगळेच जात असणार. तिच्या डोक्यात दुसरं काही येऊच शकत नव्हतं.

तेच तिनं जेफ्री पिंक्नीला सांगितलं.

जेफ्री म्हणजे गावच्या इतिहास मंडळाचा चिटणीस. निवृत्त भूगोल मास्तर. मॅडरकोटला येऊन त्याला तीसच वर्षं झाली होती, म्हणजे गावाच्या लेखी तो नवाच. नव्या माणसाला जुन्या गोष्टींचा पुळका फार. हा आवाज टिपायचं यंत्र घेऊन घरोघर फिरला, म्हाताऱ्यांच्या आठवणी जमवल्या आणि त्यांचं एक छान पुस्तक काढलं, 'मॅडरकोटच्या आठवणी'. पान चौदावर बेरिलचा फोटो. हातात बरणी, चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशीही नसेल इतका आनंद. खाली तिचे शब्द: 'स्टर्मींच्या कुरणात आमच्या गावातल्या कोणीही न विचारता कधी पाऊल टाकलं नाही.'

"हे वाक्य अप्रतिम आहे, बेरिल," जेफ्री म्हणाला होता. "अख्खं गाव डोळ्यासमोर उभं राहतं."

"छापू का असं विचारलंस, ते बरं केलंस," बेरिल म्हणाली.

तिनं पुस्तक दूधवाल्याला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, दात काढायला गेली तेव्हा तोंड उघडायच्या आधी डॉक्टरला दाखवलं. आयव्हीनं ते पान डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाली, "कोणीही नाही? मी काय मेले होते?"

"तू विचारायचीस की."

"मी? कधी?"

"आई विचारायची, म्हणजे तूही आलीसच त्यात."

आयव्हीनं पुस्तक मिटलं आणि कोबीबद्दल बोलायला लागली. बेरिलनं तेव्हा ऐकलं असतं तर! पण बहिणीचं ऐकायचं नाही हा नियमही जुनाच.

पुस्तक आलं आणि दोन वर्षांनी हेक्टर स्टर्मी गेले, त्र्याण्णवाव्या वर्षी, खुर्चीत बसल्या बसल्या. शेत विकत घेतलं लंडनच्या क्रॉफर्ड नावाच्या माणसानं. माणूस काही राक्षस नव्हता हो. हसून बोलायचा, चर्चच्या छपराला मदत दिली. पण त्यानं कुरणात महागडे घोडे आणले, आणि घोड्यांमध्ये लोक फिरायला लागले तर विमेवाले ओरडतात म्हणे. एका सोमवारी बेरिल भांडं घेऊन गेली तर लाकडी फाटक गायब. तिथं लोखंडाचं, उंच, वर आकड्यांची बटणं असलेलं कुलूप. शेजारी पाटी: खासगी जागा, प्रवेश नाही.

बेरिलनं पाटी दोनदा वाचली. मग भांडं घरी नेलं आणि ओव्हनमध्ये ठेवलं, जरा वेळानं कोणीतरी उघडेल म्हणून.

कोणी उघडलं नाही. रस्त्यानं पेनस्टो अडीच मैल. कडेला चालायला पायवाट नाही, दोन्ही बाजूंना कुंपण अंगावर आलेलं, आणि मोटारी अशा सुटतात की कोंबड्या सुद्धा विचार करून रस्ता ओलांडतात. बस बंद होऊन सहा वर्षं झालेली. रॉन पेग्लर म्हणाला, "सोमवारी माझी व्हॅन जाते तिकडं, बस तू." चर्चमध्ये फुलं मांडणाऱ्या मिसेस फेलोज म्हणाल्या, गुरुवारी त्या नेतील. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस आयव्हीला गरम जेवण, पाच दिवस डब्यातलं सूप. बाकीचे कुंपणातल्या भगदाडातून गुपचूप घुसायचे. रॉननंच ते पाडलं होतं. बेरिलला म्हणाला, "ये की गं, बारा मिनिटांचं काम."

"रॉन, तिथं पाटी आहे."

"पाटीला डोळे आहेत का?"

"मला आहेत," बेरिल म्हणाली. आणि नाहीच गेली.

जेफ्रीनं मात्र कंबर कसली. ही वाट गावाच्या हक्काची आहे, असा अर्ज त्यानं जिल्ह्याच्या कौन्सिलकडे केला. गावाच्या सभागृहात सभा घेतली, पडद्यावर नकाशे दाखवले, सत्तेचाळीस. एकोणिसाव्या नकाशाला दोन माणसं घोरत होती. कायदा असा आहे, जेफ्री सांगत होता, की एखाद्या वाटेनं लोक सलग वीस वर्षं उघडपणे चालले, चोरून नाही, धाकदपटशानं नाही, आणि मुख्य म्हणजे मालकाची परवानगी घेऊनही नाही, तर ती वाट कायमची सगळ्यांची होते. परवानगी घेतली असेल तर मात्र संपलं. मग ती मालकाची मेहेरबानी झाली, हक्क नव्हे.

हे सगळ्यात मोलाचं वाक्य जेफ्री बोलला तेव्हा बेरिल कुठं होती? स्वयंपाकघरात. चाळीस कप मांडत होती आणि दाराच्या फटीतून विचारत होती, "आत्ता आणू का चहा, की थांबू?"

आणि जेफ्रीला पान चौदा आठवलं नाही का? आठवलं की. पण त्याचं म्हणणं, ती परवानगी कुठं होती, ती तर गोड प्रथा होती! मुरांब्याची बरणी म्हणजे काय सरकारी कागद आहे? शिकलेला माणूस एकदा स्वतःच्या पुस्तकाच्या प्रेमात पडला की असंच होतं.

दोन वर्षं कागद हलले. आयव्हीचे कपडे सैल झाले. मग एका जूनमध्ये चौकशीसाठी सरकारी निरीक्षक आले, त्याच सभागृहात. समोर क्रॉफर्डची वकील, मिस एडेअर. बेरिलला ती बघताक्षणी आवडली. बसायच्या आधी तिनं निरीक्षकांना विचारलं होतं, "बसू का?"

बेरिलनं त्या दिवशी निळा कोट घातला होता आणि त्यावर मोत्याची टाचणी. पहिली साक्ष तिचीच, गावातली सगळ्यात विश्वासाची बाई म्हणून. मिस एडेअरनं पुस्तक उघडलं.

"मिसेस टकेट, फोटो फार सुंदर आलाय तुमचा."

"जेफ्रीनं दोनदा काढला. पहिल्यात डोळे मिटले होते."

"या बरणीत काय होतं?"

"मुरांबा. सालं बारीक चिरायची हं, नाहीतर दाताखाली येतात."

"आणि तुम्ही दर वर्षी जायचात? शेवटपर्यंत?"

"स्टर्मी गेले त्या वर्षीसुद्धा. त्यांना दारापर्यंत येववत नव्हतं, मी खिडकीतून विचारलं."

जेफ्री खुर्चीत पुढं सरकला. खोकला. बेरिलनं त्याच्याकडे बघितलं आणि पर्समधून खोकल्याची गोळी काढून मागे पाठवली.

मिस एडेअरचा आवाज अजून मऊ झाला. "समजा, स्टर्मी नाही म्हणाले असते तर?"

"मग नसतो गेलो. दुसऱ्याच्या कुरणात!"

"कधी म्हणाले होते का नाही?"

"एकदाच हो. सदुसष्ट साली गुरांना लाळ्या-खुरकूत आली होती तेव्हा. म्हणाले, यंदा नको. तर चार महिने अख्खं गाव रस्त्यानं गेलं. एकानं सुद्धा फाटकाला हात लावला नाही." हे सांगताना बेरिलची मान ताठ झाली होती. "आम्ही काय रानात वाढलो?"

"मुळीच नाही," मिस एडेअर म्हणाली. "आभारी आहे, मिसेस टकेट."

जेफ्रीनं दोन्ही हातांत कपाळ धरलं. बेरिलला वाटलं, आपलं बोलणं छान झालं.

तरीही वाट वाचली असती बरं का. एक बाई विचारायची, एवढ्यानं काही बिघडत नव्हतं. बाकीच्या आठ साक्षीदारांनी खरं सांगायचं होतं, की आम्ही बुवा कधी कोणाला विचारलं नाही. बस. पण बेरिल खाली येऊन पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पर्स, मान किंचित कलती, आणि प्रत्येक साक्षीदाराकडे अशी बघायला लागली, जशी मास्तरीण हुशार मुलाकडे बघते.

मिसेस फेलोज उभ्या राहिल्या. मिस एडेअरनं विचारलं, "तुम्हीही विचारायचात?" मिसेस फेलोजनी जेफ्रीकडे बघितलं. जेफ्री मान हलवत होता, नाही म्हणा, नाही म्हणा. मग त्यांनी बेरिलकडे बघितलं. आता भर सभेत, निरीक्षकांसमोर, बेरिलच्या नाकासमोर, मी असंस्कृत आहे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"हो तर," मिसेस फेलोज म्हणाल्या. "म्हणजे... अर्थात."

"काय न्यायचात?"

"लिंबाचा केक," मिसेस फेलोज म्हणाल्या आणि लाल झाल्या. आयुष्यात कधी केक फुगला नव्हता त्यांचा.

मग एकामागून एक. शाळेचा जुना रखवालदार म्हणाला, तो अंडी न्यायचा. पोस्टातली बाई म्हणाली, ती नाताळात पण विचारायची. शेवटी रॉन पेग्लर उभा राहिला. सगळं गाव श्वास रोखून बसलेलं. रॉन तरी खरं बोलेल! रॉननं टोपी हातात फिरवली. बेरिल त्याच्याकडे बघून हसली.

"मी..." रॉन म्हणाला. "मी ससे न्यायचो त्यांना."

हे एका अर्थानं खरंच होतं. स्टर्मींचेच ससे.

ऑक्टोबरात निकालाचं पत्र आलं. गावकऱ्यांनी ही वाट मालकाच्या परवानगीनं वापरली, हे त्यांच्याच तोंडून सिद्ध होतं, सबब अर्ज नामंजूर. जेफ्रीनं पत्र बेरिलच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलं, मग समजावून सांगितलं, मग परत वाचलं. तिसऱ्या खेपेला तिला कळलं.

"म्हणजे मी विचारलं म्हणून?"

"तुझी एकटीची चूक नाही, बेरिल. मी छापलं."

"विचारणं चूक असतं?"

सत्तेचाळीस नकाशे दाखवणाऱ्या जेफ्रीनं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. चहा तसाच ठेवून गेला.

गावात तिला कोणी एक शब्द बोललं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळे म्हणायचे, "मनाला लावून घेऊ नकोस हं, बेरिल," आणि दुकानात ती आली की डाळिंबं निरखून बघायला लागायचे. मॅडरकोटमध्ये डाळिंबं कोणी खात नाही.

आणि मग आठवड्याभरात बेरिलच्या दारात एक टोपली आली. लंडनच्या कुठल्याशा भारी दुकानातली मुरांब्याची बरणी, सोनेरी रिबीन, आणि सोबत प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड. 'मिसेस बी. टकेट यांना कुरणातून जाण्यास परवानगी. एकच व्यक्ती. वेळ दहा ते चार. मुदत चोवीस मार्चपर्यंत. पुढे दर वर्षी गावाच्या प्रथेप्रमाणे विचारावे.' खाली कुलपाचे आकडे आणि क्रॉफर्डची सही. त्यानं पान चौदा वाचलं होतं आणि मनापासून आवडलं होतं त्याला.

बेरिलनं बरणी उघडून चमचाभर चाखला. सालं ही जाड.

तिनं कार्ड चहाच्या डब्यामागं ठेवून दिलं. चार दिवस नाही गेली. सोमवारी रॉनच्या व्हॅनची वाट बघत दारात उभी राहिली, तर व्हॅन समोरून हळू झाली, काच खाली झाली.

"तुला मिळालंय ना आता?" रॉन म्हणाला. रागानं नाही. "मग माझी काय गरज."

कसं कळलं? पोस्टमननं टोपली आणली होती, आणि पोस्टमनला जे कळतं ते कोंबड्यांनाही कळतं. गुरुवारी मिसेस फेलोजनीही तेच म्हटलं, वर गालाला गाल लावून. म्हणजे आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. त्या फाटकातून एकटीनं जायचं, नाहीतर आयव्हीला सूप.

शुक्रवारी बेरिल भांडं घेऊन निघाली. फाटकाशी रॉन उभा, कुत्र्याला घेऊन. भगदाडात क्रॉफर्डच्या माणसांनी काटेरी तार भरली होती, तो त्या तारेकडे बघत होता. बेरिलनं आकडे दाबले. थंडीनं बोटं चुकली. पुन्हा दाबले. फाटक उघडलं, ती आत गेली, आणि मग तिच्या हातानं जे आयुष्यभर केलं होतं तेच केलं. मागच्या माणसासाठी फाटक धरून ठेवलं.

रॉन हलला नाही. बेरिलही नाही. कुत्रं तेवढं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतं. कार्डावर लिहिलं होतं, एकच व्यक्ती. बेरिलच्या ओठांवर आलं होतं, चल की रॉन. पण ते म्हणायला परवानगी नव्हती तिला.

"हवा बरी आहे आज," रॉन म्हणाला.

"हो ना. पाऊस नाही."

"जा तू. फाटक तेवढं लाव."

तिनं लावलं. त्याच्या तोंडावर. कुलूप आपोआप खटकन बसलं.

त्या दिवशी आयव्हीनं भांडं उघडलं. "निवलंय."

"वाटेत थांबावं लागलं."

"निकाल ऐकला मी. गाढवं आहात सगळी. मी कुरणातून सत्तर वर्षं गेले, एकदा म्हणून विचारलं नाही. स्टर्मींच्या बापानं मागे कुत्रा सोडला होता माझ्या, तरी गेले. मला का नाही बोलावलं साक्षीला?"

"पेनस्टोची हद्द वेगळी पडते ना. जेफ्रीनं फक्त मॅडरकोटच्या लोकांनाच अर्ज वाटले."

आयव्हीनं चमच्यानं गाजराचा तुकडा तोडून तोंडात टाकला. मग म्हणाली, "गाजर बरं झालंय." आयुष्यात पहिल्यांदा. बेरिलला रडूच आलं.

हिवाळाभर बेरिल एकटी जात राहिली. वाटेवर दुसऱ्या कोणाचे पाय पडत नव्हते, त्यामुळं गवत वाढून वाट पुसट व्हायला लागली. एक्याऐंशी वर्षांची बाई किती गवत तुडवणार? चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या शेजारी जागा रिकामी राहायला लागली. आता तिथं कोणी बसतंय का, हे विचारायचीच गरज उरली नव्हती.

जानेवारीत तिनं मुरांबा घातला, सालं बारीक चिरून. मार्चच्या पंचवीस तारखेला, सकाळी दहाला, निळा कोट घालून ती शेतावरच्या घराच्या दारात गेली. दार आता लांब होतं, मध्ये दुसरं फाटक. खांबावर एक डबी, तिला बटण. बेरिलनं बटण दाबलं.

"बोला," डबीतून कुठल्या तरी मुलीचा आवाज आला.

"यंदाही यावं का, मालक?" बेरिल म्हणाली. दुसरं काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं.

"पार्सल आहे का?"

"नाही हो. म्हणजे आहे. मुरांबा आहे. मला परवानगी हवी आहे."

"मिस्टर क्रॉफर्ड परदेशात आहेत. एप्रिल संपता संपता येतील. तुम्ही ईमेल करा. पार्सल डावीकडच्या पेटीत टाका."

"तुम्ही म्हणू शकता का? नुसतं या खुशाल एवढंच?"

"मी ब्रिस्टलला बसलेय, मॅडम," मुलगी म्हणाली. आवाज चांगला होता बिचारीचा. डबी बंद झाली.

बेरिल थोडा वेळ थांबली. मग पेटीचं झाकण उघडून बरणी आत ठेवली, उभी, सांडू नये म्हणून बाजूला रुमाल लावून.

घरी आली, रस्सा गरम केला, गाठ बांधली. साडेअकराला चर्चमागच्या फाटकाशी गेली आणि आकडे दाबले. लाल दिवा. पुन्हा दाबले. लाल. तिच्या कोटाच्या खिशात नातीनं दिलेला फोन होता. आयव्हीला लावला.

"कुठं आहेस?" आयव्ही म्हणाली. "मला तू इथून दिसतेयस. निळा ठिपका. काय करतेयस तिथं?"

"उघडत नाही गं."

"मग भगदाडातून ये."

"तार लावलीय."

"रॉननं काल रात्री कापली. सगळ्या पेनस्टोला माहीत आहे. ये, घुस! गिळणार आहे का तुला?"

"अजून कोणी हो म्हटलेलं नाही, आयव्ही."

"बेरिल," आयव्ही म्हणाली. आवाज नेहमीसारखा नव्हता, पातळ होता. "भूक लागलीय गं मला."

बेरिलनं फोन खिशात टाकला. रॉनला हाक मारून व्हॅन काढायला सांगता आलं असतं, पण त्याच्या तोंडावर फाटक लावणारी हीच ना. सगळ्या जगाकडे मागणाऱ्या बाईला त्याच्याकडे मागायला तोंड नव्हतं. ती कुंपणाच्या कडेनं भगदाडापर्यंत गेली. तार खरंच कापलेली होती, टोकं नीट मागे वळवलेली, कोणाच्या कोटाला लागू नयेत अशी. पलीकडे कुरण, ओढा, चढ, आणि आयव्हीच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर.

भांडं हाताला अजून गरम लागत होतं. बेरिलनं ते आधी पलीकडच्या गवतात ठेवलं. मग कोट आवरला आणि एक पाय उचलला.

पाय तसाच अधांतरी राहिला. आणि तिनं मागे वळून बघितलं, चर्चच्या भिंतीकडे, रिकाम्या रस्त्याकडे, कोणी दिसतंय का, विचारायला.